फुकट खाटेची किंमत

फ्रान्समधल्या रूआँ शहरात वैद्यकाच्या इतिहासाचं एक संग्रहालय आहे. कादंबरीकार फ्लोबेरचे वडील तिथल्या रुग्णालयात शल्यचिकित्सक होते, म्हणून संग्रहालयाला त्याचंही नाव आहे. तिथे एक कापडी बाई ठेवलेली आहे. पूर्ण बाई नाही. पोटापासून मांड्यांपर्यंतचाच भाग. वरून कापड आणि चामडं, आत भरलेला कापूस, आणि सोबत तसंच कापडाचं शिवलेलं बाळ. बाळाची नाळ आहे, वार आहे, तोंडात बोट घालता येईल अशी फट आहे. पायाळू बाळाचं डोकं अडकलं तर त्याच्या तोंडात बोट घालून हनुवटी छातीकडे वळवावी लागते, त्यासाठी ती ठेवलेली. जुळी बाळंही आहेत. प्रत्येक भागाला नावाची चिठ्ठी आहे. मी हे सगळं छायाचित्रांतच पाहिलं, पण एखाद्या आजीने नातवंडांसाठी शिवलेल्या बाहुलीसारखं ते दिसतं. आत मात्र माणसाच्या कटीची खरी हाडं आहेत.

हे यंत्र (ती त्याला यंत्रच म्हणत असे) बनवलं आंजेलिक द्यु कुद्रे या पॅरिसमधल्या परवानाधारक सुईणीने. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने तिला देशभर हिंडून बाळंतपणाची विद्या शिकवण्याचा अधिकार दिला. पुढची वीस-बावीस वर्षं ही बाई आपली पेटारी घेऊन गावोगाव फिरली. शिष्या म्हणजे खेड्यातल्या बायका. बहुतेकींना वाचता येत नव्हतं. त्यामुळे शिकवणं हातानेच. एकीने बाळ आडवं ठेवायचं, दुसरीने डोळ्यांनी न पाहता आत हात घालून ओळखायचं, की हा खांदा आहे की कुल्ला. चुकली तर पुन्हा. स्पंज लाल पाण्यात बुडवून आत ठेवला की रक्तस्राव दाखवता येई. तिच्याकडे थेट शिकलेल्यांची संख्या चार-पाच हजारांच्या घरात सांगतात, आणि यंत्र चालवायला तिने शल्यचिकित्सकांनाही तयार केलं. म्हणजे पहिली शंभर बाळंतपणं चुकायची असतील तर ती कापडावर चुकावीत, ही कल्पना अडीचशे वर्षांपूर्वी नुसती सुचलेली नव्हती. सरकारी खर्चाने एका अख्ख्या देशात राबवलेली होती.

मी डॉक्टर नाही. इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. आयुष्य एका पतपेढीच्या हिशेबाच्या वह्यांत गेलं आणि वाचन संध्याकाळी, ग्रंथालयं बंद होईपर्यंत. पण हिशेब लिहिणाऱ्याला एक खोड लागते : फुकट म्हणून काही दिलेलं दिसलं की ते कुठल्या खात्यावर टाकलंय ते तो शोधतो. प्रसूतिशास्त्राच्या शिक्षणाचा इतिहास वाचताना मी तेच शोधत राहिले. डॉक्टरचा हात कुणाच्या अंगावर शिकला, आणि त्या अंगाच्या मालकिणीला कुणी विचारलं होतं का?

द्यु कुद्रेच्याच काळात लंडनमध्ये विल्यम स्मेली नावाचा स्कॉटिश डॉक्टर पुरुष विद्यार्थ्यांना बाळंतपण शिकवत होता. त्याच्याकडेही यंत्र होतं : लाकडाचा सांगाडा, चामड्याचं पोट. एलिझाबेथ निहेल या सुईणीने १७६० मध्ये त्यावर पुस्तकातून कोरडे ओढले. तिने त्या पोटातल्या पिशवीत बिअर भरलेली असते अशी टर उडवली आणि असल्या लाकडी बाईवर तयार झालेला हात जिवंत बाईला कसा कळणार, असं विचारलं. तिची टीका पुरुषद्वेषाने भरलेली म्हणून इतिहासकार बाजूला सारतात. मला ती तेवढी हास्यास्पद वाटत नाही, कारण स्मेलीलाही तेच वाटत असणार. म्हणून तर त्याने यंत्रापुढे आणखी एक पायरी जोडली. विद्यार्थी थोडे पैसे जमवत आणि त्या निधीतून गरीब बायकांच्या बाळंतपणाचा खर्च होई. बदल्यात तिच्या खोलीत विद्यार्थी येत. स्मेलीने स्वतःच हिशेब दिला आहे : दहा वर्षांत २८० हून जास्त अभ्यासवर्ग, ९०० हून जास्त विद्यार्थी, आणि त्या काळात बाळंत केलेल्या गरीब बायका ११५०. माणूस भला होता, हात हलका होता, चिमटे वापरायची घाई करू नका असं तो सांगत असे. पण सौदा ठरला तो इथे. औषधपाणी फुकट, आणि बदल्यात तू शिकण्याची वस्तू.

लंडनच्या खोल्यांमधला हा खासगी सौदा व्हिएन्नात सरकारी नियम झाला. १७८४ मध्ये उघडलेल्या तिथल्या भल्यामोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचा विभाग होता. अविवाहित मुली, मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या बायका तिथे येत. बाळंतपण फुकट, आणि बाळ नको असेल तर ते टाकलेल्या मुलांच्या सरकारी घरात घेतलं जाई. अट अशी, की शिकवण्यासाठी अंग उपलब्ध करून द्यायचं आणि नंतर त्या घरात दाई म्हणून इतर मुलांनाही पाजायचं. जिच्यापाशी पैसे होते तिच्यासाठी वेगळा भाग होता. तिथे नाव गुप्त राही आणि विद्यार्थी फिरकत नसत. इतका उघड दरपत्रक लावलेला सौदा मला दुसरीकडे आढळला नाही.

इथे जरा आपल्याकडे वळून पाहावंसं वाटतं. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. येणाऱ्या बायका व्हिएन्नातल्यासारख्याच, समाजाने वाऱ्यावर सोडलेल्या. बहुतेक ब्राह्मण विधवा. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल हवं तर इथेच ठेवा. त्यांचं बाळंतपण सावित्रीबाई करत. बदल्यात काहीच मागितलं नव्हतं. तिथल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. पण पुण्याच्या त्या घराकडे विद्यालय नव्हतं, व्हिएन्नाकडे होतं, हा फरक विसरून तुलना करणं अन्यायाचं होईल.

व्हिएन्नाच्या बाळंतिणींच्या विभागाचे पुढे दोन भाग केले गेले आणि १८४० मध्ये हुकूम निघाला : पहिल्या भागात फक्त वैद्यकाचे विद्यार्थी शिकतील, दुसऱ्यात फक्त सुइणी. बायका आळीपाळीने, ज्या दिवशी आल्या त्या दिवसाप्रमाणे, एकीकडे किंवा दुसरीकडे दाखल होत. म्हणजे बायका त्याच, शहर तेच, हवा तीच, जेवण तेच. बदललं होतं ते एवढंच, की शिकतंय कोण. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या भागात २०,०४२ बाळंतपणं झाली आणि १,९८९ बायका मेल्या. दर दहांमागे एक. दुसऱ्या भागात १७,७९१ पैकी ६९१. चार टक्क्यांहूनही कमी.

पुढची गोष्ट शाळेतही सांगतात. इग्नाझ सेमेलवाइस १८४६ मध्ये पहिल्या भागात सहायक म्हणून आला. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा मित्र कोलेच्का शवविच्छेदन करताना सुरी लागून मेला आणि त्याचं शरीर उघडल्यावर बाळंतज्वराने मेलेल्या बायकांसारख्याच खुणा दिसल्या. सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यार्थी सकाळी प्रेतं चिरत आणि तेच हात घेऊन बाळंतिणींना आतून तपासायला येत. सुइणी प्रेतांना हात लावत नव्हत्या. मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये २.२ वर आलं. १८४८ साली दोन्ही भागांतला फरक संपला. दोन्हीकडे सव्वा-दीड टक्क्याच्या आत.

हात धुण्याची कथा म्हणून ही गोष्ट आपण ऐकतो आणि ती खरीच आहे. पण रकाने वाचायची सवय असलेल्या मला त्यात आणखी एक नोंद दिसते. हात धुण्याआधीच अधिकाऱ्यांना संशय आला होता. एका समितीने म्हटलं, विद्यार्थी, विशेषतः परदेशी विद्यार्थी, फार आडदांडपणे तपासतात. मग विद्यार्थी ४२ वरून २० वर आणले, परदेशी जवळजवळ बंद केले, तपासण्या कमी केल्या. काही महिने मृत्यू घटले आणि पुन्हा वाढले. कारण चुकीचं होतं, पण बोट बरोबर जागी ठेवलं होतं : शिकण्याच्या पद्धतीवर. आणि समितीच्या किती तरी आधी ते बायकांना ठाऊक होतं. पहिल्या भागाचा वार आहे हे कळल्यावर त्या गुडघे टेकून, हात पिळत, दुसरीकडे पाठवा म्हणून विनवत, असं सेमेलवाइसनेच लिहून ठेवलंय. काही जणी रुग्णालयाच्या वाटेवरच बाळंत व्हायच्या आणि मग येऊन सांगायच्या की रस्त्यात कळा आल्या. त्यांचं बाळ सरकारी घरात घेतलं जाई आणि तपासणीतून त्या सुटत. या रस्त्यात बाळंत झालेल्यांना ताप क्वचितच येतो, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. दगडी फरसबंदी खाटेपेक्षा सुरक्षित ठरवणाऱ्या त्या बायका अडाणी म्हणून नोंदवल्या गेल्या आहेत.

अमेरिकेत उलटी अडचण होती. तिथे पोरं बाळंतपण न पाहताच डॉक्टर होत. तपासायचं तेही चादरीखालून, नजर दुसरीकडे ठेवून, नुसत्या स्पर्शाने. कारण बाईच्या अंगाकडे पाहणं असभ्य. १८५० च्या जानेवारीत बफेलो शहरात डॉ. जेम्स प्लॅट व्हाइट यांनी वीस विद्यार्थ्यांसमोर एक बाळंतपण उघडपणे दाखवलं. गदारोळ झाला. सतरा डॉक्टरांनी निषेधाचं पत्र छापलं, प्रकरण अब्रुनुकसानीच्या खटल्यापर्यंत गेलं आणि व्हाइट हरले. खटल्यात चर्चा कशाची झाली? डॉक्टरी पेशाच्या अब्रूची, विद्यार्थ्यांच्या मनावर होणाऱ्या परिणामाची. जिचं बाळंतपण दाखवलं ती सव्वीस वर्षांची अविवाहित आयरिश बाई होती, गरीबखान्यातून आणलेली. तिला काय वाटलं, हा दोन्ही बाजूंना महत्त्वाचा मुद्दा वाटला नाही. मला व्हाइट यांची बाजू पटते. न पाहता शिकलेला डॉक्टर कुणालाच नको. पण दोन्ही पक्षांनी मिळून जे गाळलं तेच या लेखाचं कारण आहे.

याच काळातलं आणखी एक नाव आपल्या प्रत्येक स्त्रीरोग ओपीडीत रोज घेतलं जातं. सिम्स स्पेक्युलम. मॅरियन सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात अलाबामात गुलाम बायकांवर पुन:पुन्हा शस्त्रक्रिया करून मूत्रमार्गाच्या भगंदराचा उपाय शोधला. भूल न देता. अनार्का, बेट्सी, लुसी ही तिघींची नावं उरली आहेत. संमती घेतली होती ती त्यांच्या मालकांची. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा सिम्सचा पुतळा २०१८ मध्ये हलवला गेला. स्पेक्युलम अर्थात हलवता येत नाही. ते चांगलं आहे.

आता मुंबई. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं, भाऊ दाजी लाड त्याच्या पहिल्या पदवीधरांपैकी. व्हिएन्नाचा सौदा इथे जमेना, कारण सौद्याला गिऱ्हाईकच नव्हतं. बाळंतपण ही घरातल्या अंधाऱ्या खोलीतली, सुईणीच्या हातची गोष्ट. पुरुष डॉक्टरला बाळंतिणीच्या खोलीत पाऊल ठेवू देणं बहुतेक घरांत अशक्य, मग त्याच्या मागे शिकाऊ पोरं कुठून येणार? रुग्णालयात येई ती घरी कुणीच नसलेली. आपल्या सुइणींबद्दल त्या काळच्या डॉक्टरांनी पुष्कळ वाईट लिहिलं आहे, त्यातलं बरंच खरंही असेल. गंजलेला विळा आणि राख यांचा बचाव मी करणार नाही. पण सुईण ज्या पद्धतीने शिकली ती लक्षात घेण्यासारखी आहे. सासूच्या किंवा आईच्या पाठीमागे बसून, आणि जिच्या अंगावर शिकली ती ओळखीची, गल्लीतली. हात चुकला तर दुसऱ्या दिवशी तिच्याच दारावरून पाण्याला जायचं होतं.

या अडचणीतून मुंबईत एक वेगळीच वाट निघाली. बाई पुरुषाकडे येत नसेल तर बाईला डॉक्टर करा. सोराबजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किटरेज यांनी निधी उभारला; इंग्लंडहून डॉक्टर बायका आणायच्या, बायकांसाठी रुग्णालय काढायचं आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेश मिळवायचा. १८८३ मध्ये कॉलेजचं दार मुलींना उघडलं. त्याच वर्षअखेरीस डॉ. एडिथ पीची मुंबईत उतरल्या, आणि पेस्तनजी कामांच्या देणगीतून १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं.

पीचीबाईंचा पूर्वेतिहास इथे सांगायलाच हवा. एडिंबरात डॉक्टरी शिकायला गेलेल्या पहिल्या मुलींपैकी त्या एक. विद्यापीठाने त्यांना पदवी नाकारली. मग १८७६ मध्ये त्यांनी आणि दोन मैत्रिणींनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे नुसत्या प्रसूतिशास्त्राच्या परवान्यासाठी अर्ज केला. कायदेशीरपणे तो नाकारता येईना. तेव्हा परीक्षकांनी एकजुटीने राजीनामे दिले. परीक्षाच झाली नाही. बाळंतपणाची परीक्षा बाईला देऊ द्यायची नाही म्हणून! आणि गंमत अशी, की ब्रिटनमध्ये डॉक्टर होण्यासाठी प्रसूतिशास्त्रात उत्तीर्ण होणं सक्तीचं झालं तेच मुळी १८८६ च्या कायद्याने. त्याआधी ते न येताही डॉक्टर होता येई.

त्याच १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी एम.डी. झाल्या. त्यांच्या चरित्रातला नवरा, बोट, थंडी आणि क्षय आपल्याला पाठ आहे. प्रबंधाचा विषय मात्र फार थोड्यांना आठवतो : आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांत मूल गमावलेल्या मुलीने हा विषय का निवडला, हे वेगळं सांगायला नको. जुन्या संस्कृत ग्रंथांकडे त्या ज्या अभिमानाने वळल्या, त्याच ग्रंथपरंपरेत, सुश्रुतसंहितेत, शिकाऊ हाताबद्दल दोन गोष्टी आहेत. सूत्रस्थानातला योग्यासूत्रीय नावाचा अध्याय सांगतो की शास्त्र कितीही वाचलं तरी सराव नसेल तर शिष्य कामाचा नाही. आणि सराव कशावर, तर कोहळा, दुधी भोपळा, काकडी, चामड्याची पखाल, कमळाचा देठ, मेलेलं जनावर. पट्टी बांधायला शिकायचं ते बाहुल्यावर. द्यु कुद्रेची सगळी पेटारीच म्हणा ना. दुसरी गोष्ट मूढगर्भाच्या चिकित्सेतली. अडलेलं बाळ काढणं हे सगळ्यांत कठीण काम, म्हणून ते अधिपतीला विचारून करावं. विचारावं हे सुश्रुताला सुचलं होतं. तिला विचारावं, हे सुचलं नव्हतं.

आनंदीबाईंना शिकवायला मिळालंच नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. पण स्त्री डॉक्टर आल्याने जे बदलेल असं सगळ्यांना वाटत होतं, ते कितपत बदललं? बायका रुग्णालयात येऊ लागल्या हे खरं. १९२६ मध्ये मुंबईत परळला के.ई.एम. आणि गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज उभं राहिलं, शिक्षक भारतीयच असावेत या देणगीदारांच्या अटीवर. त्याच वर्षी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं. याच मुंबईतून शिरोड्याचे डॉ. विठ्ठल शिरोडकर निघाले, ज्यांचा गर्भाशयाच्या तोंडाचा टाका १९५५ पासून जगभर त्यांच्या नावाने शिकवला जातो. अभिमान वाटावा असाच हा काळ आहे. पण गिरणगावातल्या बायकांनी वॉर्ड भरले तसा व्हिएन्नातला जुना सौदा, न लिहिता, न बोलता, आपल्याकडेही लागू झाला. गावस्करांच्या बॅटिंगइतका नियमित : सकाळचा राउंड, सर पुढे, मागे दहा-बारा पोरं, आणि खाटेवर डोळे मिटलेली बाई.

१९९४ मध्ये माझी नणंद एका मोठ्या शहरातल्या शिकवणाऱ्या रुग्णालयात बाळंत झाली. नाव देत नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. नंतर पाटावर बसून बाळाला न्हाऊ घालताना ती मला म्हणाली, "वहिनी, सात जणांनी तपासलं मला. मोजत होते मी. दुसरं काय करणार?" कुणीही नाव सांगितलं नव्हतं. सरांनी पहिल्याला विचारलं, किती सेंटिमीटर? त्याने सांगितलं ते चुकलं. मग दुसरा. पण तिचीच गोष्ट पुढे अशी : पहाटे बाळाचे ठोके पडायला लागले तेव्हा जागी होती ती त्यातलीच एक मुलगी. ती धावली, तिने वरच्या डॉक्टरांना उठवलं, भाचा वाचला. आता तो तिशीचा आहे. मी नणंदेला विचारलं होतं, राग येतो का? ती म्हणाली, "तिचा नाही येत. तिला शिकायलाच हवं होतं की. पण विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?"

हा प्रश्न जगात इतरत्र मोठ्या आवाजात विचारला गेला तेव्हा काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. न्यूझीलंडमध्ये १९८७ साली सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलवर लेख लिहिला. मुद्दा होता कर्करोगपूर्व अवस्थेतल्या बायकांवर उपचार न करता त्यांना नुसतं पाहत राहिल्याचा. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी बसली, १९८८ मध्ये अहवाल आला, आणि त्यात बोट वेगळ्याच गोष्टीवरही ठेवलं गेलं : शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या बायकांना विद्यार्थी आतून तपासत, आणि बायकांना ते ठाऊकच नसे. शुद्धीत असलेली बाई आक्रसते, भुलीतली सैल असते, म्हणून शिकायला सोपी, असं त्यामागचं तर्कशास्त्र. ते केवळ तिथलं नव्हतं. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला; अमेरिकेच्या केंद्र सरकारने लेखी संमतीचा दंडक रुग्णालयांना घालून दिला तो २०२४ मध्ये. म्हणजे परवा.

तिसरी वाटही निघाली होती. आयोवा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट क्रेट्शमर यांनी १९६८ मध्ये पैसे देऊन एक परिचारिका आणली. विद्यार्थी तिच्यावर तपासणी शिकत. तिचा चेहरा मात्र पडद्याआड, बोलायचं नाही. १९७२ मध्ये त्यांनी पडदा काढला. आता बाई रुग्ण नव्हती, शिक्षिका होती. तीच सांगे, हात गार आहे, आधी चोळ. इथे दाबू नकोस. आता बीजकोश तुझ्या बोटांखाली आहे, कळलं का? जे सर कधीच सांगू शकत नव्हते, कारण त्यांना ते जाणवूच शकत नव्हतं. लवकरच केंब्रिजच्या एका स्त्री-आरोग्य केंद्रातल्या बायकांनी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी असेच वर्ग घेतले. मग त्यांना वाटू लागलं की आपण फक्त अधिक गोड बोलणारे डॉक्टर तयार करतोय. त्यांनी अटी कडक केल्या, फी वाढवली, पुढे फक्त विद्यार्थिनींनाच शिकवू म्हणाल्या. आणि तो करार टिकला नाही. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही, पण पुरुष विद्यार्थ्याला वगळणं मला पटत नाही. आपल्याकडच्या कितीतरी वॉर्डांत अजून त्याला "तू बाहेर थांब" म्हणतात, आणि मग तो तालुक्याच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता एकटाच असतो.

आपला आजचा हिशेब मोठा आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ३८.७ टक्के बाळंतपणं रुग्णालयांत झालेली दिसतात, २०१९-२१ च्या पाहणीत ८८.६ टक्के. पंधरा वर्षांत अंधारी खोली जवळजवळ संपली. याने वाचलेले जीव मोजायला गेलं तर माझ्यासारखीने तक्रारीचा सूरच लावू नये. पण त्याचा दुसरा अर्थ असा की फुकट खाट कधी नव्हती इतकी भरलेली आहे, आणि तिच्याभोवती शिकणारे हात कधी नव्हते इतके आहेत. २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला. त्यात संवाद आणि नीतीचा वेगळा भाग आहे, आणि आता स्किल लॅब सक्तीची. परीक्षेच्या टेबलावर पूर्वीपासून असलेली डमी आणि हाडांची कटी होतीच, तिच्या जोडीला आता कमरेला बांधायचं मामानतालीसारखं यंत्र आलं. शिकवणारी ते पोटावर बांधून खाटेवर बसते, कळा दिल्याचं नाटक करते, लाल पाणी सोडते, आणि समोरच्याने नीट विचारपूस केली नाही तर ओरडते. द्यु कुद्रेला हे पाहून काही विशेष वाटलं नसतं.

विदर्भातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका डॉक्टरबाईंशी या लेखाच्या निमित्ताने बोलणं झालं. त्या प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी पुस्तक उघडू देत नाहीत. आधी वाक्य पाठ करून घेतात : ताई, माझं नाव अमुक, मी अजून शिकतोय, तुमचं पोट तपासू का? पोरं हसतात, लाजतात, इंग्रजीत म्हणतात. मराठीत म्हणेपर्यंत त्या खाटेजवळ जाऊ देत नाहीत. बायका नाही म्हणतात का, असं मी विचारलं. कधी कधी म्हणतात, त्या म्हणाल्या. मग पुढच्या खाटेवर. बहुतेक जणी हो म्हणतात आणि काही जणी जास्तच बोलतात. गेल्या पावसाळ्यात एका आठव्या महिन्यातल्या शेतमजूर बाईने त्या पोराला म्हटलं, तपास बापा, पण तुला काय समजलं ते मले सांगशील. त्याने हात चोळून गरम केले, बराच वेळ चाचपलं, आणि मग सांगितलं : डोकं खाली आहे, पाठ डाव्या बाजूला आहे. तिने विचारलं, आणि पाय? तो थांबला. पुन्हा हात ठेवला.